वाऱ्याचा टोल

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



माझं नाव तुमच्या कानावर आलंच असेल, तर ते एखाद्या कविसंमेलनामुळे. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. त्यामुळे मोटारीचा आकार, वारा आणि इंधन या विषयावर मी बोलणार म्हटल्यावर आधी आमच्या घरातच हशा पिकला. माझा भाचा म्हणाला, "मामू, तुम्हाला स्टेपनी बदलता येत नाही, आणि तुम्ही रेडिओवर गाडीबद्दल बोलणार?" त्याचं खरं आहे. मला गाडी चालवताही येत नाही. पण या विषयाचा पहिला धडा मी सायकलवर शिकलो, आणि शिकवणारे होते माझे अब्बा.

अब्बा पिंजारी होते. आमच्या भागात नदाफ म्हणतात. कराडच्या आसपासच्या गावांत जाऊन गाद्या-उशांचा कापूस पिंजून द्यायचा, हा आमच्या घराचा धंदा. खांद्याला पिंजण, सायकलच्या कॅरिअरला कापसाचं भलंमोठं गाठोडं, आणि सुट्टी असली की पुढच्या दांड्यावर मी. वैशाखात दुपारनंतर पाटणच्या बाजूनं पश्चिमेचा वारा सुटायचा. आम्ही त्याच दिशेनं निघालेलो असलो, की अब्बांचा श्वास माझ्या मानेवर आदळायचा. मला नवल वाटे. दहा-बारा किलो कापूस, त्याचं वजन ते काय? त्याच कॅरिअरवर ज्वारीचं पोतं घालून अब्बा हसत यायचे. मग कापसानंच एवढा दम का लागावा? एकदा विचारलं. आमच्या घरच्या बोलीत ते म्हणाले, "वजन नै रे बेटा, हवा है."

त्यांनी त्यावर आपले उपायही शोधले होते. फजरची नमाज झाली की लगेच निघायचं, म्हणजे वारा उठायच्या आत पोचता येतं. परतीला वारा पाठीशी घ्यायचा. आणि गाठोडं कधीही आडवं बांधायचं नाही. ते सायकलच्या रेषेत लांबट बांधायचं, पुढं गोल आणि मागं निमुळतं. बाकीचे पिंजारी आडवं बांधायचे, कारण ते बांधायला सोपं. अब्बा मात्र सुतळी पुन्हा पुन्हा आवळत बसत. लहानपणी मला तो त्यांचा हट्ट वाटायचा.

आता भाच्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी त्यानं कर्ज काढून डिझेलची एक सेदान घेतली आणि टूरिस्ट परमिटवर चालवायला लागला. कराड-पुणे, कराड-मुंबई विमानतळ. कुणी परदेशी नोकरीला निघालेला, कुणी पुण्याच्या दवाखान्यात. आमच्या समाजातले उमराला जाणारे लोकही असतात. त्यांचं सामान जाताना चार बॅगा, आणि येताना त्यात खजूर आणि जमजमची भर. डिकी पुरेना, म्हणून त्यानं टपावर लोखंडी कॅरिअर बसवलं. ते मग कायमचं तिथेच राहिलं. सामान असो वा नसो, बारा महिने डोक्यावर.

धंदा बरा चालला होता, पण हप्त्याच्या तारखेला पैसे कमी पडत. माझी बहीण रात्री फोन करून रडवेली व्हायची. भाच्याचा संशय आधी मेकॅनिकवर, मग पंपावर, मग स्वतःच्या नशिबावर. एकदा मी त्याच्यासोबत पुण्याला निघालो होतो. गाडीत आम्ही दोघंच. उंब्रजच्या पुढे त्यानं शंभरचा वेग धरला आणि टपावर शीळ वाजायला लागली. मी विचारलं, "हे काय वाजतंय?" तो म्हणाला, "कॅरिअर. हवा लागते. सवय होते, मामू." तेव्हा मला अचानक अब्बांचं गाठोडं आठवलं. मी म्हटलं, "बेटा, ही शीळ फुकट वाजत नसणार." तो हसून म्हणाला, "मामू, हवा का बी पैसा लगता क्या?"

श्रोतेहो, या प्रश्नाचं उत्तर मला देता येईना. म्हणून मी वाचायला लागलो, जाणकारांना विचारायला लागलो.

आपल्या भाषेत हवेला काही किंमतच नाही. हवेत बोलणं म्हणजे पोकळ बोलणं, हवा खाणं म्हणजे उगाच फिरणं. पण एक घनमीटर हवेचं वजन भरतं सुमारे सव्वा किलो. साधारण मोटारीचा समोरचा पसारा दोन-सव्वादोन चौरस मीटर धरला, तर ताशी शंभर किलोमीटर वेगानं जाणारी गाडी दर सेकंदाला साधारण सत्तर किलो हवेला वाट सोडायला लावते. म्हणजे दर सेकंदाला एका धडधाकट माणसाला बाजूला सारत जायचं. हे काम इंजिन करतं, आणि त्याची मजुरी टाकीतून जाते.

यातली खरी मेख वेगात आहे. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला की अडथळा चौपट. गावातल्या रस्त्यावर, ताशी तीस-चाळीसला, वारा जवळजवळ हिशोबातच नसतो. तिथं इंधन खातात ते ब्रेक, गिअर, सिग्नल आणि टायरचं घर्षण. साधारण साठच्या आसपास वारा आणि टायर बरोबरीला येतात. शंभरला पोचेपर्यंत वारा टायरच्या दुप्पट-तिप्पट झालेला असतो. ऐंशीऐवजी शंभरनं गेलात, तर वेग पंचवीस टक्क्यांनी वाढतो, पण वाऱ्याचा अडथळा वाढतो छप्पन्न टक्क्यांनी.

आता आकाराकडे येऊ. एखादी वस्तू वाऱ्याला किती अडते, हे सांगायला शास्त्रज्ञ एक आकडा वापरतात. त्याला अवरोध गुणांक म्हणू. सपाट पाट वाऱ्यासमोर उभा धरला तर हा आकडा एकाच्या थोडा वर जातो. चेंडूचा असतो अर्ध्याच्या आसपास. आणि पुढं गोल, मागं लांब निमुळत्या होत गेलेल्या आकाराचा असतो ०.०५च्या आसपास. आपल्याला वाटतं, वारा कापायला पुढचं टोक अणकुचीदार हवं. खरी गडबड मागच्या बाजूला असते. गाडीच्या बाजूनं सरकणारी हवा मागं नीट जुळली नाही, तर तिथं भोवरे आणि कमी दाबाची पोकळी तयार होते, आणि ती पोकळी गाडीला मागं ओढत राहते. कच्च्या रस्त्यावरून आलेल्या एसटीची मागची काच पाहिली आहे ना तुम्ही? समोरची काच स्वच्छ आणि मागची धुळीनं माखलेली. ती धूळ त्या पोकळीनंच ओढून घेतलेली असते. अब्बा गाठोड्याचं मागचं टोक निमुळतं का करत, हे मला असं चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी कळलं.

हे ज्ञान नवं असेल, असं मला वाटलं होतं. तर ते शंभर वर्षांचं जुनं निघालं! व्हिएन्नात जन्मलेले एडमंड रुम्प्लर हे विमानं बनवणारे इंजिनिअर. १९२१ साली बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात त्यांनी एक अजब गाडी मांडली. तिचं नाव 'ट्रॉप्फेनवागेन', म्हणजे थेंबगाडी. वरून पाहिली तर पाण्याच्या थेंबासारखी, पुढं गोल आणि मागं निमुळती. त्या काळी बाकीच्या गाड्या म्हणजे चाकं लावलेल्या पेट्या. तिची किंमत लोकांना कळली नाही. पुढे १९७९ साली, संग्रहालयात जपलेली तीच गाडी फोक्सवॅगननं आपल्या वातबोगद्यात ठेवून मोजली. वातबोगदा म्हणजे गाडी उभी ठेवून तिच्यावर पंख्यानं वारा सोडायची प्रयोगशाळा. थेंबगाडीचा गुणांक भरला ०.२८. अट्ठावन्न वर्षांनीसुद्धा बाजारातल्या बहुतेक गाड्या तिच्या मागे होत्या.

मग ही गाडी चालली का नाही? कारणं वाचताना मी थबकलो. स्टिअरिंगचा त्रास होता, इंजिन थंड ठेवण्याचा त्रास होता, रूप लोकांना चमत्कारिक वाटलं. आणि आणखी एक कारण होतं, गाडीला सामान ठेवायला जागा नव्हती! जेमतेम शंभरएक गाड्या बनल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा गेल्या कुठे? टॅक्सीवाल्यांकडे. आत चढायला सोपी, छत उंच, म्हणून. बर्लिनचा तो टॅक्सीवाला आणि कराडचा माझा भाचा यांच्यात शंभर वर्षांचं अंतर आहे, पण दोघांसमोरचा पेच तोच. वाऱ्याचं ऐकावं, की गिऱ्हाइकाच्या बॅगेचं?

फ्रिट्झ लँग यांच्या 'मेट्रोपोलिस' या १९२७च्या मूकपटातही या गाड्या वापरल्या गेल्या, आणि त्यासाठी काही गाड्या चक्क जाळल्या गेल्या, असं सांगतात. रुम्प्लर ज्यू होते. १९३३ साली नाझी सत्तेवर आल्यावर त्यांना अटक झाली. पुढे सुटका झाली, पण कारकीर्द संपली. १९४० साली ते गेले. आज जगात त्यांच्या दोनच गाड्या शिल्लक आहेत, एक म्युनिकच्या आणि एक बर्लिनच्या संग्रहालयात.

त्याच १९२१ साली झेपेलिन हवाई जहाजांवर काम करणाऱ्या पॉल यारे यांनी प्रवाही आकाराच्या मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांच्या विचारांवर चेकोस्लोव्हाकियाच्या टाट्रा कंपनीनं १९३४ साली 'टाट्रा ७७' काढली. नाव ऐकून आपल्या टाटांशी गल्लत करू नका. त्याच वर्षी अमेरिकेत क्रायसलरनं 'एअरफ्लो' आणली. लोकांना तिचं नाक-तोंड आवडलं नाही, आणि १९३७ नंतर ती बंद झाली. जर्मनीत वुनिबाल्ड काम यांनी दाखवून दिलं, की एवढी लांब शेपटी नको. योग्य जागी ती सरळ कापून टाकली तरी बराचसा फायदा हाती राहतो. सामानाच्या जागेचा प्रश्न त्यामुळे पुष्कळसा सुटला. तरीही तेल स्वस्त होतं तोवर या सगळ्याची गरज फार कुणाला वाटली नाही.

१९७३च्या तेलसंकटानं डोळे उघडले. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला आणि कंपन्या वातबोगद्यांकडे धावल्या. १९८२ साली आलेल्या 'आउडी १००'चा गुणांक ०.३० होता, आणि हा आकडा त्यांनी जाहिरातीत अभिमानानं मिरवला. आज मर्सिडीजच्या 'ईक्यूएस' या विजेच्या गाडीचा गुणांक ०.२० आहे. त्यांच्याच 'ईक्यूएक्सएक्स' या प्रायोगिक गाडीनं २०२२ साली ०.१७ गुणांकाच्या बळावर एका चार्जिंगमध्ये जर्मनीहून फ्रान्सच्या समुद्रकाठापर्यंत हजार किलोमीटरहून अधिक मजल मारली.

विजेच्या गाडीला वाऱ्याची काळजी कशाला, असं कुणी म्हणेल. उलट तिलाच ती जास्त आहे. ब्रेक लावताना जाणारी ऊर्जा ती बरीचशी बॅटरीत परत घेते. वाऱ्याला दिलेली ऊर्जा मात्र कधीच परत येत नाही. तो टोल एकदा भरला की गेला.

आणि नुसत्या गुणांकावर भुलूनही चालणार नाही. समोरचा पसाराही तितकाच महत्त्वाचा. दोन्हींचा गुणाकार करायचा असतो. गाडी उंच आणि रुंद झाली, की सुधारलेल्या आकाराची कमाई पसारा खाऊन टाकतो. आज रस्त्यावर उंच गाड्यांची हौस वाढते आहे, तिथं हे ध्यानात ठेवायला हवं.

आता धुराचा हिशोब. एक लिटर डिझेलचं वजन असतं एका किलोहून कमी. पण ते जळल्यावर सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पेट्रोलच्या लिटरमागे सुमारे २.३ किलो. हे वजन वाढतं कसं? इंधनातला कार्बन हवेतला ऑक्सिजन सोबत घेऊन बाहेर पडतो म्हणून. या वायूला गाळणी लावता येत नाही. सायलेन्सरमधली यंत्रणा विषारी वायू कमी करते, पण कार्बन डायऑक्साइड कमी करायचा तर इंधनच कमी जाळायला हवं. म्हणून आपल्याकडेही २०१७ पासून मोटार कंपन्यांना त्यांच्या सर्व गाड्यांच्या सरासरीवर मर्यादा आली, किलोमीटरमागे सुमारे १३० ग्रॅम. २०२२ पासून ती ११३ ग्रॅमच्या आसपास आणली गेली.

पण कागदावरचं मायलेज आणि महामार्गावरचं मायलेज यांत फरक पडतो, त्याचं एक कारण वारा आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरात असलेल्या चाचणीत वेग ताशी नव्वदच्या वर जात नाही, आणि सरासरी तर त्याहून पुष्कळच कमी. शिवाय चाचणीच्या गाडीवर कुणी कॅरिअर बांधत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा इशारा असा, की टपावर मोठी सामानपेटी लावली तर शहरात २ ते ८ टक्के आणि महामार्गावर ६ ते १७ टक्के मायलेज घटतं. रिकाम्या कॅरिअरचा तोटा यापेक्षा कमी, पण तो रोजचा.

मी वहीत भाच्यासाठी एक ढोबळ हिशोब मांडला. कराड ते पुणे एकशे साठ किलोमीटर धरले. घाट, टोल, चहा सोडून द्या. ऐंशीनं गेलं तर दोन तास लागतात. शंभरनं गेलं तर एक तास छत्तीस मिनिटं. म्हणजे चोवीस मिनिटं वाचली. त्यासाठी वाऱ्याला मोजायचं जादा डिझेल साधारण पावणेदोन लिटर. जाऊन-येऊन साडेतीन. लिटरचा भाव तुमच्या गावच्या पंपावर जो असेल तो टाका, आणि महिन्याच्या खेपांनी गुणा. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड दर फेरीला नऊ किलोच्या घरात.

वही पाहून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामू, धूर मी एकटाच सोडतो का? विमानातून जाणाऱ्याला कुणी विचारत नाही, आणि टॅक्सीवाल्याला सगळे उपदेश." मला राग आला नाही. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे, त्याला पृथ्वीचं भलं सांगणं सोपं नसतं. मी म्हटलं, "धुराचं राहू दे. शिळेचं तेवढं बघ."

त्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून कॅरिअर उतरवलं. नट गंजले होते, दोन कापावे लागले. पुढचा महिनाभर त्यानं टाकी फुल करून किलोमीटर लिहून ठेवले आणि रिकाम्या रस्त्यावर काटा ऐंशीच्या आसपास ठेवला. महिन्यानंतर त्याचा फोन आला. म्हणाला, "फरक आहे, मामू. नशीब बदललं नाही, पण फरक आहे." त्या महिन्यात हप्ता वेळेवर गेला. त्यात कॅरिअरचा वाटा किती आणि वेगाचा किती, हे आम्हाला वेगळं काढता आलं नाही. बहिणीचा फोन मात्र त्या रात्री आला नाही.

सगळं गोडच झालं असंही नाही. कॅरिअर नाही म्हणून विमानतळाचं एक भाडं हातचं गेलं. मग त्यानं सहज काढता-घालता येणारं कॅरिअर आणलं. उमराचे प्रवासी असले की ते चढतं, त्यांना सोडून आला की उतरतं. आणि दवाखान्याचा रुग्ण घेऊन रात्री निघाला, तर तो ऐंशीवर थांबत नाही. थांबूही नये. तो टोल भरण्यालायक असतो.

श्रोतेहो, आमच्या सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीच्या आणि वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. अब्बांना दम लावणारा तोच पश्चिमेचा वारा तिथं वीज देतो. खाली महामार्गावर मात्र आपण आपल्या वेगानं स्वतःच वारा उभा करतो आणि त्याची पट्टी भरत बसतो. टपावर रिकामं कॅरिअर असेल तर या आठवड्यात उतरवा. मोकळ्या रस्त्यावर भरधाव जाताना काचा लावून घ्या. आणि ऐंशीवरून शंभरकडे काटा नेताना एकदा स्वतःला विचारा, ही चोवीस मिनिटं मला खरंच हवी आहेत का?

अब्बांची सायकल आता नाही. पिंजण माळ्यावर आहे, तात कधीच तुटली आहे. परवा भाचा नव्या कॅरिअरवर ताडपत्रीनं बॅगा बांधत होता. मी बघत उभा होतो. त्यानं मोठी बॅग आधी आडवी ठेवली, थोडं थांबला, मग उचलून गाडीच्या रेषेत लांबट ठेवली आणि दोरी आवळली. त्यानं अब्बांना कधी पाहिलेलं नाही.